जर्नलमध्ये चिकटवलेलं समन्स

मी कायद्याची पदवी घेतलीय हे कळलं की लोकांचे चेहरे जरा आदबशीर होतात. "वा! म्हणजे समाजासाठी काहीतरी करता येईल," असं कुणीतरी हमखास म्हणतं. मी खराडीत एका काचेच्या इमारतीत बसून परदेशी कंपन्यांचे करारनामे वाचते आणि खटकणाऱ्या कलमांना पिवळा रंग देते. समाज त्या इमारतीत फिरकत नाही, त्याला गेटवरच आयकार्ड विचारतात. तरी मी मान डोलावते. पुण्यात वाढलेल्या माणसाला समोरच्याचा गैरसमज दूर करण्याची घाई नसते.

बारावीला जेमतेम मार्क पडले. नाव असलेल्या कॉलेजात नंबर लागला नाही, म्हणून मी रोज स्वारगेटहून बस धरून वाघोलीच्या पुढे जायला लागले. तिथे एका संस्थेचं मोठं आवार होतं. इंजिनीअरिंग, फार्मसी, डी.एड. असं सगळं एकाच कमानीतून आत. लॉ चौथ्या मजल्यावर, फार्मसीच्या डोक्यावर. त्यामुळे राज्यघटना आम्ही पाच वर्षं औषधांच्या वासात शिकलो.

पहिल्या दिवशी संस्थेच्या अध्यक्षांनी स्वागताचं भाषण केलं. "वकील हा समाजाचा कणा आहे," असं ते म्हणाले आणि आमच्या पालकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या वडिलांनीही वाजवल्या, आणि ते चाळीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ होते, भाषणाची पारख असलेले. आठवड्याने फार्मसीतल्या एका मैत्रिणीकडून कळलं की त्यांच्याकडे औषधनिर्माता हा समाजाचा कणा होता. डी.एड.च्या मुलींना शिक्षक कणा म्हणून मिळाला होता. एका समाजाला इतके कणे असूनही तो ताठ का उभा राहत नाही, हा प्रश्न अध्यक्षांना पडत नसावा.

आम्हाला 'कायदा आणि सामाजिक परिवर्तन' असा एक आख्खा विषय होता. शिकवणारे सर एक जुनी वही घेऊन येत आणि ती वाचून दाखवत. आम्ही लिहून घेत असू. त्यात बारा मुद्दे होते. परीक्षेत प्रश्न कुठल्याही तोंडाने आला तरी उत्तर तेच बारा मुद्दे, फक्त सुरुवातीचं वाक्य बदलायचं. सातवा मुद्दा 'समाजातील शेवटच्या घटकापर्यंत न्याय' असा होता. तो सांगून सर पाणी प्यायला थांबत. एकदा ते असेच थांबले असताना आमच्या मजल्यावर साफसफाई करणाऱ्या मावशी बादली घेऊन दारात आल्या. "मावशी, नंतर या. लेक्चर चालू आहे, दिसत नाही का?" असं म्हणून सरांनी आठवा मुद्दा घेतला. आम्ही हसलो. मीही हसले. तेव्हा मला ते सरांवरचं हसणं वाटलं होतं.

मावशींबद्दल इथेच सांगते. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, बारीक चणीच्या, चालायला झपाझप. कॉलेजपासून चालत वीस मिनिटांवर त्यांची दोन खोल्यांची जागा होती. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, लेक लग्न होऊन दौंडकडे गेली होती. त्या एकट्या राहत. आमच्यापैकी बहुतेकांना ही एवढीही माहिती नव्हती. मला झाली ती मार्कांमुळे.

कोर्टाला भेट देऊन डायरी लिहायची, खोटा खटला लढवायचा, अशीलाची मुलाखत घ्यायची आणि या सगळ्याचं एक जर्नल बांधून द्यायचं, असा एक प्रात्यक्षिकाचा पेपर असतो. वकिलाला माणसं हाताळता यावीत म्हणून तो ठेवला आहे, असं अभ्यासक्रमात लिहिलंय. आमच्याकडे कोर्टाच्या भेटीची डायरी सीनियरकडून मिळायची. त्यांना ती त्यांच्या सीनियरने दिलेली असायची. त्या डायरीतला एक साक्षीदार उलटतपासणीत दोनदा खोकतो. मी उतरवून काढली तेव्हाही तो दोनदा खोकला आणि माझ्या ज्युनियरच्या वहीतही खोकला असणार. बिचाऱ्याला इतक्या वर्षांत कुणी कफ सिरप दिलं नाही, खाली फार्मसी असून. अशीलाच्या मुलाखती तर सरळ कल्पनेतून यायच्या. दारुडा नवरा, हुंडा मागणारी सासू, फसवणारा घरमालक. आम्हाला गरीब लोक कसे असतात हे पक्कं माहीत होतं, त्यासाठी त्यांना भेटायची गरज नव्हती.

चौथ्या वर्षी हा पेपर एका नव्या मॅडमकडे आला. तपासणी समिती येणार होती, त्यामुळे वरून दट्ट्या बसला होता. मॅडमनी वर्गात जाहीर केलं, "या वेळी फेक चालणार नाही. खरा अशील पाहिजे. ज्याच्या जर्नलला ओरिजिनल कागद जोडलेला असेल त्याला जास्त मार्क. झेरॉक्स मी धरणार नाही, झेरॉक्स काय कुणीही आणतं."

म्हणजे खोटेपणा थांबवायला काढलेला हा नियम. तो ऐकून एकाही कायद्याच्या विद्यार्थ्याच्या मनात आलं नाही की माणसाचा मूळ कागद आपण घेतला, तर त्या माणसाकडे काय उरणार? आम्ही पन्नासएक जण होतो. शिवाय मॅडम, आणि त्या स्वतः एलएल.एम. होत्या.

त्याच सुमारास तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीचं कुलूप निघालं. दारावर 'मोफत कायदा सहाय्य केंद्र' अशी पाटी आधीपासून होती. आत डी.एड.ची मोडकी बाकं ठेवलेली असत. समितीसाठी बाकं हलवली, एक टेबल, चार खुर्च्या आणि नोंदवही आली. नोंदवहीत मागच्या तारखा टाकून नावं भरायचं काम दोन मुलांना दिलं. आणि मावशींना खोली पुसायला लावली. पुसता पुसता त्यांनी विचारलं, "हितं कोर्टाच्या कागदाचं सांगत्यात का?" मी तेव्हा नोंदवहीला वेष्टण घालत बसले होते.

"हो, सांगतो ना. का हो मावशी?"

"मला एक कागद आलाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो पिशवीतून, पिशवीतल्या दुसऱ्या पिशवीतून काढला. दिवाणी न्यायालयाचं समन्स होतं, सोबत दाव्याची प्रत. बेलीफ आदल्याच आठवड्यात देऊन गेला होता. दावा त्यांच्या दिराने लावला होता. जागा माझी आहे, भावाला मी मायेने राहायला दिली होती, आता त्याची बायको जागा सोडत नाही, ताबा मिळावा, असा.

"मायेनं म्हनं!" मावशी म्हणाल्या. "आमच्या मालकानं स्वतः गिलावा केलाय भिताडाला. चार माणसांत वाटणी झाल्याली, त्यातली दोन माणसं अजून हायती. घरपट्टी आमच्या नावावर, लाईट आमच्या नावावर. आता आजूबाजूला बिल्डिंगी आल्या तशी माया आठवली त्याला."

मी हे सगळं लिहून घेतलं. मधून मधून "हं, पुढे?" म्हणत होते, कारण अशीलाला बोलतं कसं करावं यावर एक प्रकरण होतं आणि त्यात तसं लिहिलं होतं. त्यांनी एकच गोष्ट तीनदा विचारली, "म्हंजे खोली ऱ्हाईल ना ताई?" मी म्हटलं, "तुमची बाजू भक्कम आहे मावशी." आणि ती होतीच. घरपट्टीच्या पावत्या होत्या, वाटणीचे दोन साक्षीदार जिवंत होते. हे सगळं वेळेत कोर्टासमोर गेलं असतं तर दिराचा दावा टिकणं कठीण होतं. हे मी तेव्हाच्या अर्ध्यामुर्ध्या ज्ञानावर सांगत नाही, पुढे जाणत्या वकिलानेही तेच सांगितलं.

मग मी म्हटलं, "हा कागद माझ्याकडे राहू द्या. अभ्यास करावा लागेल."

त्यांनी दिला. लगेच दिला. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने कोर्टाचा कागद मागितला तर कोण नाही म्हणेल?

मैत्रिणी जळल्या. "यार, तुला ओरिजिनल क्लायंट मिळालाय! किती लकी आहेस," एक जण म्हणाली. तिने स्वतःच्या मावसभावाची मोटरसायकलची पावती जोडली होती. मी मात्र जीव ओतून काम केलं. अकरा पानांचा अभिप्राय इंग्रजीत लिहिला. त्यात दोन ठिकाणी लॅटिन घातलं. तो अभिप्राय जिच्यासाठी होता तिला सही मराठीतही जेमतेम येत होती, ही गोष्ट मला त्रासदायक वाटली नाही. शेवटी परिशिष्ट म्हणून दाव्याची प्रत जोडली आणि शेवटच्या पानामागे समन्स चिकटवलं. चारही कडांना फेविकॉल लावला, मध्येही लावला, म्हणजे फुगा यायला नको. मग जर्नल हार्ड बाइंडिंगला दिलं. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं. झेरॉक्सचं दुकान बाइंडरच्या शेजारीच होतं.

जर्नलं जमा झाली आणि मॅडमच्या कपाटात कुलूपबंद झाली. बाहेरचे परीक्षक येईपर्यंत ती बाहेर काढायची नाहीत असा नियम होता.

पंधरा दिवसांनी मावशी कॉरिडॉरमध्ये थांबल्या. "ताई, त्यो कागद?"

"कॉलेजमध्ये जमा आहे मावशी. परीक्षक येऊन गेले की देते."

"पर कोर्टाची तारीख हाय."

"तारखा पडतच असतात हो. दिवाणी दावे वीस-वीस वर्षं चालतात, काळजी नका करू." हे मी हसून म्हटलं होतं. कोर्टं किती हळू चालतात यावर हसणं हे आम्ही पहिल्याच वर्षी शिकलो होतो, वकिलीतली तेवढीच गोष्ट आम्हाला चांगली येत होती.

त्या तारखेला मावशी रजा टाकून कोर्टात गेल्या. बेलीफने तोंडी सांगितलेली तारीख त्यांच्या लक्षात होती. पण दाव्याचा नंबर, कुठल्या साहेबांचं कोर्ट, कितवं दालन, हे सगळं त्या कागदावर होतं. एवढ्या मोठ्या आवारात त्या सकाळपासून दुपारपर्यंत एकेका दालनाच्या दारात उभ्या राहिल्या. जो तो विचारायचा, "कागद दाखवा." त्या सांगायच्या, "कॉलेजात हाय." लोक हसले असतील. शेवटी त्या बसने परत आल्या. हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, तक्रार म्हणून नाही, घडलं म्हणून. मी मॅडमकडे गेले. मॅडम म्हणाल्या, "अगं, सील केलेलं कपाट एका मुलीसाठी उघडू का? उद्या सगळे मागतील." मी "बरं मॅडम" म्हटलं. एवढाच माझा लढा.

परीक्षक यायला उशीर झाला. मधे लेखी परीक्षा आली. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पेपरात प्रश्न आला, प्रतिवादीने कैफियत दाखल करण्याची मुदत आणि ती चुकल्यास होणारे परिणाम. माझ्या तोंडपाठ होतं. प्रतिवादीने आपलं म्हणणं, म्हणजे कैफियत, समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत द्यायची, कोर्टाने सवलत दिली तर नव्वद दिवसांपर्यंत, नाहीतर दावा विनाकैफियत पुढे चालतो, म्हणजे प्रतिवादीची बाजू कोर्टासमोर येतच नाही. मी दोन पानं लिहिली, खाली रेघ मारली. मावशी त्या वेळी बाहेरचा व्हरांडा झाडत होत्या, झाडूचा आवाज येत होता, आणि मला फक्त एवढंच वाटलं की परीक्षा चालू असताना तरी यांनी थांबावं. त्यांचे नव्वद दिवस कुठवर आलेत हे बोटं मोजून काढायला अर्धं मिनिट लागलं असतं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, पण ते हे नव्हे. माझ्यात तर ते नीट भरलं होतं, आणि तरी कुणाच्या कामाचं नव्हतं.

तोंडी परीक्षेला आलेले परीक्षक स्वतः वकिली करणारे होते. त्यांनी जर्नल चाळलं, समन्सवर बोट फिरवलं, कागद खरा आहे याची खात्री झाली तसे म्हणाले, "व्हेरी गुड. ओरिजिनल!" समन्सवरची तारीख त्यांनीही वाचली नाही. मग विचारलं, "मोफत कायदेशीर मदतीला कोण कोण पात्र?" मी यादी म्हणून दाखवली. यादीत 'महिला' होतं. उत्पन्न कितीही असो, कुठल्याही स्त्रीला सरकारी खर्चाने वकील मिळतो. मावशींना ही गोष्ट मी सांगितली नव्हती. मार्क परीक्षकाला सांगितल्याचे मिळतात. लेखीचा निकाल यायचा होता, पण या पेपरात मला वर्गात सगळ्यांत जास्त पडल्याचं कळलं.

मग एके सकाळी मावशी वर्गाच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. दिराने नळावर, चार बायकांसमोर त्यांना सांगितलं होतं की तुझं म्हणणं आता कोर्ट ऐकणार नाही, हुकूम झालाय.

"विनाकैफियत म्हंजे काय वो ताई?" त्यांनी विचारलं.

मला व्याख्या येत होती. पण खरं सांगायचं तर पहिला विचार त्यांच्या खोलीचा आला नाही. हे माझ्यावर तर येणार नाही ना, असा आला.

तरी मी प्राचार्यांकडे गेले. मागितलं एवढंच की कॉलेजने एक पत्र द्यावं, हा कागद अमुक काळ आमच्याकडे अडकला होता म्हणून. प्राचार्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आपण भावनेच्या भरात बोलताय. समिती पुढच्या महिन्यात येतेय. कॉलेजचं नाव कुठल्याही कोर्टाच्या कागदावर जाता कामा नये. त्यांचा कागद त्यांना परत द्या, विषय संपला." मग चष्मा काढून म्हणाले, "आणि आपला निकाल अजून विद्यापीठातून यायचाय, हे लक्षात असू द्या." कायद्याचे पंडित होते ते. पीएच.डी. वंचितांच्या न्यायहक्कांवर केलेली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

क्लार्कने ब्लेडने दाव्याची प्रत आणि समन्सचं पान कापून दिलं. समन्स सुटं होईना, माझा फेविकॉल पक्का होता. शेवटी माझ्या अभिप्रायाचं शेवटचं पान पाठीला चिकटलेलंच ठेवून तो कागद मी मावशींच्या हातात दिला.

त्यांना मोफत वकील देणाऱ्या सरकारी विधी सेवेच्या कार्यालयात मीच नेलं. तिथे अर्ज केला आणि वकील मिळाले, साठी ओलांडलेले, कोटाच्या बाह्या झिजलेले. त्यांनी समन्स पाहिलं, उलटं केलं, पाठीमागचं माझं इंग्रजी वाचलं.

"हे कुणी लिहिलंय?"

"मी."

"छान आहे. स्पेलिंगं बरोबर आहेत." एवढं बोलून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आता ऐका. उशीर माफ करा आणि कैफियत घ्या, असा अर्ज करता येतो. कोर्टं घेतातही. पण कारण खरं आणि पटेल असं पाहिजे. तुमच्याकडे ते आहे. दोन ओळींचं प्रतिज्ञापत्र द्या, कागद माझ्याकडे होता, मी अभ्यासासाठी घेतला होता, वेळेत परत केला नाही. बाईंची चूक नाही हे त्याने सिद्ध होतं. देता?"

मी म्हटलं, "घरी विचारून सांगते."

घरी वडिलांनी पेपरची घडी घातली. "आधी पदवी पदरात पडू दे, मग काय समाजसेवा करायची ती कर. कोर्टात आपणहून कबुली देतं का कुणी? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात." मी म्हटलं, "मग मला लॉला कशाला घातलंत?" ते म्हणाले, "उलट बोलू नकोस." आई आतून म्हणाली की वर्ष गेलं तर स्थळं काय म्हणतील. मी मोठ्याने भांडले, दार आपटलं, रडले. आणि दुसऱ्या दिवशी वकिलांना फोन करून सांगितलं की मला जमणार नाही. वडिलांवर ढकलायला बरं पडतं, पण मी तेव्हा बावीस वर्षांची होते. मतदार होते, सज्ञान होते, प्रतिज्ञापत्र करायला कुणाची परवानगी लागत नाही हेही मला येत होतं. मला भीती वाटली, आणि भीतीपेक्षाही जास्त, मला तो पहिला नंबर सोडवेना.

वकील रागावले नाहीत. "मग आजारपण लिहितो," म्हणाले. "दुसरं काय लिहिणार?" मावशींना ते पटत नव्हतं. "मी आजारी कवा पडले?" असं त्या म्हणत राहिल्या. पण सही केली.

अर्जाच्या सुनावणीला मी गेले. पांढरे कपडे, काळा कोट घालून, मागून तिसऱ्या बाकावर. मावशींना सोबत म्हणून आले असं मी स्वतःला सांगितलं होतं. दिराचा वकील उठला आणि म्हणाला, "आजारी होत्या तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट कुठेय? रोज कामावर हजर होत्या, हजेरीपट मागवून घ्यावा." आमचे वकील काहीतरी बोलले. न्यायाधीशांनी त्यांना थांबवलं आणि थेट मावशींना विचारलं, "बाई, काय झालं होतं तुम्हाला?"

मावशी हात जोडून उभ्या होत्या. "काय न्हाई झालं, सायेब. खोटं कशाला बोलू? कागद एका शिकणाऱ्या पोरीपाशी होता. तिला अभ्यासाला पायजे होता."

कोर्टात कुजबूज झाली. दिराचा वकील हसला. न्यायाधीश मात्र पुढे झुकले. मी एवढ्या लांबून पाहिलं, त्या माणसाला खरंच जाणून घ्यायचं होतं. "कोण मुलगी? आलीय का इथे?"

मावशींनी वळून पाहिलं. बाकांवर नजर फिरवायची त्यांना गरज पडली नाही, मी कुठे बसलेय ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं. तीनचार सेकंद असतील. उठायला तेवढे पुष्कळ होते. माझ्या मांडीवर वही होती, ती मी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"न्हाई सायेब," त्या म्हणाल्या. "आली न्हाई."

अर्ज फेटाळला गेला. कारण समाधानकारक नाही, त्याला कुठला आधार नाही, अर्जात एक आणि तोंडी दुसरंच सांगितलं गेलं. हुकूम चुकीचा होता असं मला म्हणता येत नाही, त्या जागी मीही तोच दिला असता. वकिलांनी वरच्या कोर्टात जाऊ म्हटलं. मावशींनी हात जोडले आणि पुरे म्हणाल्या. वर्षाच्या आत दिराला ताबा मिळाला. त्या कॉलेजच्या मागे एका पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहायला गेल्या.

पण त्या दिवशी, कोर्टाबाहेर, मी त्यांच्या मागे धावत गेले. माझ्या तोंडात एक वाक्य तयार होतं, तुमचे उपकार कसे फेडू वगैरे. मला खरंच वाटलं होतं की त्यांनी मला वाचवलं. माझं वर्ष जाऊ नये म्हणून, मायेने. म्हटलं, "मावशी, तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?"

त्या थांबल्या. आजवर त्या मला ताई म्हणत आल्या होत्या.

"नाव घिऊन काय करायचं, पोरी?" त्या म्हणाल्या. "तुला बोलायचं असतं तर तू उठली असतीस. बळंच उठवलेला माणूस काय साक्ष देणार?"

आणि बस आली तशी त्या गेल्या.

पाचव्या वर्षभर त्या आमचाच मजला झाडत होत्या. माझ्याशी भांडल्या नाहीत, कुणाला काही सांगितलं नाही. फक्त मी समोरून आले की झाडू थांबवायच्या, भिंतीला लागून उभ्या राहायच्या, आणि मी जाईपर्यंत मान खाली ठेवायच्या. बाकी मुलांसाठी त्या असं कधी करत नसत, त्यांना ओरडून सांगायच्या, ओल्यावरनं जाऊ नका. अशा त्या फक्त प्राचार्यांसाठी उभ्या राहत.